तारामती, साहेबमामा आणि ‘घरंदाज’ हा शब्द

चैत्र यात्रा उलटून आठवडा झाला तरी जोतिबाच्या डोंगरावरचा गुलाल जात नाही. पायऱ्यांच्या सांदीत, दीपमाळेच्या बुडाशी, दुकानांच्या पत्र्यांवर तो गुलाबी रंग बसून राहतो. मी गेलो तेव्हाही तसाच होता. माझं तिथं काम काहीच नव्हतं. भाचीच्या कॉलेजच्या ग्रुपला एकांकिकेच्या पोस्टरसाठी फोटो काढायचे होते, सात पोरं-पोरी होती, आणि गाडी चालवणारा मोठा माणूस बरोबर असेल तरच सोडते, असं माझ्या बहिणीनं सांगितलं होतं. म्हणून मी ड्रायव्हर.

केर्लीवरून घाट चढताना भाची माझ्या शेजारी बसली होती. मागची पोरं गाणी म्हणत होती, ही गप्प. वर पोचल्यावर हळूच म्हणाली, “मामू, तुम्ही अम्मीला सांगा की. पोस्टरवर माझा फोटो आला तर घरात राडा होणार.”

राडा कशावरून, ते मला माहीत होतं. नाटकात काम करायला बहिणीची तशी ना नाही. पण नात्यातल्या एका बुजुर्गांनी तिला विचारलं होतं, “घरंदाज मुली स्टेजवर जातात का?” त्या एका शब्दानं तिच्या पायाखालची जमीन सरकली. मुलीचं लग्न व्हायचंय. ‘घरंदाज’ हे सर्टिफिकेट हातातून गेलं तर परत कोण देणार?

पोरं फोटो काढत होती तोवर मी कड्याच्या बाजूला जाऊन बसलो. एका अंगाला पन्हाळा, दुसरीकडं लांब धुरकट कोल्हापूर. याच गावात शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर कुणी वर्तमानपत्रात लेख लिहून दिलं नाही. ते एका स्टुडिओत, सुतारकाम आणि रंगकाम करणाऱ्या माणसांमध्ये, कामातून मिळालं. ती गोष्ट भाचीला येताना गाडीत सांगितली. पोरांच्या गोंगाटात ती अर्धवट राहिली, म्हणून इथं पूर्ण लिहितो.

गोष्ट दुर्गाबाई खोटे यांची. पण ती दुर्गाबाईंपासून सुरू होत नाही, आणि माझं म्हणणं नेमकं तिथंच आहे.

बाबूराव पेंटर हे कोल्हापूरचे मिस्त्री. थोरले आनंदराव आणि ते, दोघे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमाचं वेड लागलं तेव्हा कॅमेरा विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी तो स्वतः घडवायला घेतला. आनंदराव मध्येच वारले, बाबूरावांनी काम पुरं केलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, अण्णा साळुंके या पुरुषानं ती भूमिका केली. बाबूरावांनी मात्र बायकांच्या भूमिका बायकांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई अशी त्यांची नावं. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या.

नावं बदलली तरी समाजानं त्यांना सोडलं नाही. दोघींनाही आपापल्या जमातीनं वाळीत टाकलं. राहायला जागा उरली नाही, तेव्हा त्या स्टुडिओच्या आवारातच राहू लागल्या आणि अख्ख्या कंपनीचा स्वयंपाक करू लागल्या. दिवसा राणी आणि दासी व्हायचं, संध्याकाळी चूल पेटवायची. पेंटरांच्या कॅमेऱ्याचं स्मारक कोल्हापुरात आहे, ते असायलाच हवं. या दोघींची नावं मात्र सिनेमावर पुस्तकं लिहिणाऱ्यांखेरीज फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

त्याच सुमाराला मुंबईत फातमा बेगम होत्या. उर्दू रंगभूमीवरून सिनेमात आलेल्या. 1926 मध्ये त्यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला, आणि भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. त्यांची मुलगी झुबेदा 14 मार्च 1931 ला प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ची, म्हणजे आपल्या पहिल्या बोलपटाची, नायिका. या सगळ्या बायका दुर्गाबाईंच्या आधीच्या. काम तेच, कॅमेऱ्यापुढं उभं राहण्याचं. पण त्यांना ‘घरंदाज’ कुणी म्हटलं नाही. मराठीत तो शब्द एका ठरावीक घरासाठी राखून ठेवलेला होता.

दुर्गाबाई तशाच घरातल्या. 14 जानेवारी 1905 चा जन्म. माहेरचं नाव विठा लाड. मूळ गोव्याकडचं, मुंबईत स्थिरावलेलं, सुखवस्तू आणि शिकलेलं घर. कॅथेड्रल हायस्कूल, मग सेंट झेवियर्स कॉलेज. कॉलेजात असतानाच खोट्यांच्या श्रीमंत घरात लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. पुढं सासरची आर्थिक घडी विसकटली. पदरात बकुल आणि हरिन ही दोन मुलं. शिकवण्या करून पाहिल्या, पण शिकवण्यांवर घर कसं चालतं हे शिकवण्या केलेल्यालाच ठाऊक.

अशात मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात एक लहानसं काम चालून आलं. 1931 चं साल. मूकपटाला बोलका तुकडा जोडण्याचे ते दिवस. त्यांनी काम केलं, पैसे घेतले. चित्रपट लागला आणि गिरगावात बोंब झाली. लाडांची लेक, खोट्यांची सून, आणि असल्या सिनेमात! चित्रपट सुमार होता, त्यानं भर पडली. दुसरी एखादी असती तर तिथंच दार लावून घेतलं असतं.

पण तो सुमार चित्रपट व्ही. शांताराम यांनी पाहिला. चित्रपटापेक्षा त्यांना त्यातली ही बाई लक्षात राहिली.

इथं जरा थांबून ‘प्रभात’बद्दल सांगायला हवं, कारण कोल्हापुरात राहूनही पुष्कळांना वाटतं की प्रभात म्हणजे पुणं. प्रभात फिल्म कंपनी जन्मली कोल्हापुरात, 1 जून 1929 ला. पुण्याला गेली 1933 मध्ये. भागीदार पाच. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, केशवराव धायबर, पैसा उभा करणारे सीतारामपंत कुलकर्णी, आणि शेख फत्तेलाल. पैकी चौघं बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. कुणी कॉलेजात गेलेलं नाही. सुतारकाम, रंगकाम, यंत्रं खोलून परत जोडणं, हीच त्यांची पदवी.

फत्तेलाल हे आपल्या कागलचे. जन्म 1886. पूर्ण नाव शेख फत्तेलाल यासीन मिस्त्री. कंपनीत सगळे त्यांना साहेबमामा म्हणायचे. हे नाव मला फार आवडतं. ‘साहेब’ आपल्याकडच्या घराघरात असतं, आणि ‘मामा’ ही कोल्हापूरची खास हाक. दोन्ही जोडून एक माणूस तयार झाला. प्रभातच्या चित्रपटांतले महाल, देवळं, गल्ल्या, झोपड्या, दागदागिने यांच्या मागं त्यांची नजर होती. पुढं दामल्यांबरोबर त्यांनी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. त्या चित्रपटाचा 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. ‘गोपालकृष्ण’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ही त्या दोघांचेच. पुढं 1955 मध्ये त्यांनी ‘जगद्‌गुरु शंकराचार्य’ दिग्दर्शित केला. देहूचा वाणी, आळंदीची भावंडं आणि शंकराचार्य पडद्यावर उभे करण्यात कागलच्या या शेखाचा हात होता, आणि त्या काळात याचं कुणाला फारसं नवल वाटल्याचं दिसत नाही. आज मी हे सांगतो तेव्हा समोरचा डोळे मोठे करतो. साहेबमामा होते तिथंच आहेत, आपणच लांब आलो.

तर प्रभातनं पहिला बोलपट करायचा ठरवलं. कथा परत हरिश्चंद्राचीच. मराठीत ‘अयोध्येचा राजा’, हिंदीत ‘अयोध्या का राजा’. तारामतीच्या भूमिकेसाठी शांतारामांनी दुर्गाबाईंना विचारलं आणि गिरगावात बोलणी खाऊन बसलेली ती बाई कोल्हापूरला आली.

तिची अवस्था काय असेल याचा मी विचार करतो. मुंबईत वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली. पहिल्या कामानं बदनामी पदरात टाकलेली. आता परत त्याच धंद्यात, तेही परमुलखात. हे काम फसलं असतं तर तिसरी संधी मिळाली नसती.

बोलपटाचं तंत्र तेव्हा सगळ्यांनाच नवं. पार्श्वगायन नव्हतं. ज्यानं पडद्यावर गायचं त्यानंच गायचं, तिथल्या तिथं, कॅमेरा चालू असताना. वादक चौकटीच्या बाहेर बसायचे. चाल चुकली की सगळा प्रसंग पहिल्यापासून. त्यातून एकच प्रसंग आधी एका भाषेत आणि मग दुसऱ्या भाषेत. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. टेंबे म्हणजे बालगंधर्वांबरोबर काम केलेले, उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचे भक्त. गाण्याची तालीम असा माणूस घेणार म्हणजे सूट मिळायची नाही. ध्वनिमुद्रण दामल्यांचं, कॅमेरा धायबरांचा, कलादिग्दर्शन साहेबमामांचं. बाबूराव पेंढारकर गंगानाथाच्या भूमिकेत, मास्टर विनायक नारद.

हा चित्रपट आज पाहायला मिळतो. ‘आलम आरा’ हरवला, ‘अयोध्येचा राजा’ राहिला. मी तो दोनदा पाहिला. पहिल्यांदा कंटाळलो, खरं सांगतो. नाटकासारखं बोलणं, लांबलेली गाणी. दुसऱ्यांदा फक्त तारामतीकडं बघत बसलो. सुरुवातीच्या भागात ती राणी असते तेव्हा थोडी अवघडलेली वाटते. पण काशीच्या बाजारात नवरा-बायको विकायला उभे राहतात तिथून बाई बदलते. हात जोडून रडणं आहे, ते त्या काळात असायचंच. पण मान खाली जात नाही. पुढं गंगानाथाच्या घरात दासी म्हणून राबतानाही राणीपण खांद्यांत शिल्लक राहतं. 1932 सालच्या प्रेक्षकानं हे पाहिलं तेव्हा त्याला ‘फरेबी जाल’ आठवायचं कारण उरलं नाही.

घर विस्कटलेली, मुलासाठी दुसऱ्याच्या दारात कामाला उभी राहिलेली बाई. ही भूमिका त्यांच्या वाट्याला त्याच वर्षी यावी याला योगायोग म्हणा.

चित्रपट चालला, आणि दुर्गाबाई एका रात्रीत ‘घरंदाज’ झाल्या. तेव्हापासून आजतागायत त्यांच्याबद्दलचा लेख बहुधा याच वाक्यानं सुरू होतो, की सिनेमाला प्रतिष्ठित घरातली बाई मिळाली आणि बाकीच्यांना वाट मोकळी झाली. वाट मोकळी झाली हे खरंच आहे, ते श्रेय कमी करायचं मला कारण नाही. पण ती वाट आधी कुणी तुडवली होती? स्टुडिओच्या आवारात भाकऱ्या थापणाऱ्या गुलाबबाई आणि अनसूयाबाईंनी, फातमा बेगमनी, झुबेदानं. त्यांनी मार खाल्ला, दुर्गाबाईंच्या वेळी तो थोडा कमी झाला.

आणि आणखी एक. दुर्गाबाईंची अब्रू काही त्यांच्या आडनावानं वाचवली नाही. आडनाव ‘फरेबी जाल’च्या वेळीही हेच होतं, उलट त्यामुळंच बोंब जास्त झाली. फरक पडला तो कामाच्या जागेमुळं. एकीकडं घाईनं जुळवलेला चित्रपट. दुसरीकडं कोल्हापूरचे हे मिस्त्री लोक, ज्यांना खांब नीट उभा राहिला नाही तर झोप यायची नाही. पौराणिक कथा, भारदस्त भूमिका, तालीम, महिन्याच्या पगारावरची शिस्तीची कंपनी. चांगलं काम करणाऱ्या माणसांमध्ये बाई उभी राहिली की तिच्याकडं बघण्याची लोकांची नजर बदलते. निदान त्या वेळी बदलली.

लगेच प्रभातचाच ‘मायामच्छिंद्र’ आला, त्यात त्या स्त्रीराज्याची राणी. 1936 मध्ये ‘अमरज्योती’त सौदामिनी, अन्यायाचा सूड घ्यायला चाच्यांची टोळी उभी करणारी बाई. तारामतीपासून सौदामिनीपर्यंत चार वर्षं. सोसणाऱ्या बाईपासून जहाज लुटणाऱ्या बाईपर्यंतचं हे अंतर एवढ्या लवकर दुसऱ्या कुणी कापलेलं मला आठवत नाही.

मधल्या काळात त्यांनी एक गोष्ट केली, ती मला अभिनयाइतकीच मोठी वाटते. त्या काळात नटनटी कंपनीच्या पगारावर बांधलेले असायचे. दुर्गाबाईंनी स्वतःला एकाच कंपनीशी बांधून घेतलं नाही. कलकत्त्याला जाऊन न्यू थिएटर्समध्ये ‘राजरानी मीरा’ केला, देवकी बोस यांचा ‘सीता’ केला. ‘सीता’ 1934 मध्ये व्हेनिसला गेला. पुढं 1930 च्या दशकातच स्वतः निर्मात्या झाल्या आणि मराठी-हिंदीत ‘सवंगडी’ आणि ‘साथी’ काढले. आपल्या कामाची किंमत आपण ठरवायची, हे त्या काळातल्या विवाहित, मुलंबाळं असलेल्या बाईनं करून दाखवलं. ‘घरंदाज’ शब्दाच्या आड हा हिशेबी, कणखर भाग झाकला जातो.

नाटकाचंही तसंच. सिनेमात नाव झाल्यावर नाटकाकडं वळायची गरज नव्हती. पण मुंबई मराठी साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त त्यांनी आनंदीबाई केली, समोर नानासाहेब फाटकांचा राघोबा. ‘मॅकबेथ’वरून शिरवाडकरांनी लिहिलेल्या ‘राजमुकुट’मध्येही तीच जोडी. दोन्ही भूमिका सत्तेसाठी माणूस मारायला लावणाऱ्या बायकांच्या. ज्या बाईला तारामती म्हणून लोकांनी हात जोडले तिनं पन्नाशीच्या उंबऱ्यावर या भूमिका निवडल्या. सिनेमातली प्रतिमा सांभाळायची असती तर हे केलं नसतं. पुढं 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आमच्या घरात मात्र दुर्गाबाईंना कुणी तारामती म्हणून ओळखत नव्हतं. नानीच्या लेखी त्या जोधाबाई. ‘मुघल-ए-आझम’ नानीनं किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. शहेनशहा आणि शहजादा यांच्या मध्ये उभी असलेली ती आई, एक हात नवऱ्याकडं, एक लेकाकडं. “हाय अल्ला, बिचारी मां,” असं म्हणून नानी पदरानं डोळे टिपायची. अकबर झालेले पृथ्वीराज कपूर आणि जोधाबाई झालेल्या दुर्गाबाई सव्वीस वर्षांपूर्वी ‘सीता’ मध्ये राम आणि सीता होते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर नानी गेली होती. तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, “मग काय झालं? माणसं तीच की.”

त्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल एकच सांगतो, कारण हा लेख वाचून कुणीतरी विचारणारच. त्यांनी दुसरं लग्न मुहम्मद रशीद यांच्याशी केलं होतं, ते टिकलं नाही. ‘मी, दुर्गा खोटे’ या 1982 च्या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच त्याबद्दल लिहिलंय. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर शांता गोखले यांनी केलंय. हे लग्न कुणाला अभिमानाचा विषय वाटतो, कुणाला चघळण्याचा. मला दोन्ही नको वाटतं. बाईनं आपलं आयुष्य आपल्या शब्दांत लिहून ठेवलंय, ज्याला हवं त्यानं ते वाचावं.

बाकी कारकीर्द सगळ्यांच्या ओळखीची. दोनशेच्या वर चित्रपट. 1968 मध्ये पद्मश्री. ‘बिदाई’साठी फिल्मफेअर. 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार. दूरदर्शनवरची ‘वागले की दुनिया’ त्यांच्याच संस्थेची निर्मिती, हे माझ्या पिढीतल्या पुष्कळांना माहीत नसतं. धाकटा मुलगा हरिन त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. हरिनची पत्नी म्हणजे पुढं विजया मेहता म्हणून मराठी रंगभूमी गाजवणाऱ्या विजयाबाई. दीर नंदू खोटे नट, त्यांची मुलं शुभा आणि विजू खोटे. ज्या घराची अब्रू सिनेमामुळं गेली म्हणून ओरड झाली होती, त्या घराचं नाव आज सिनेमा-नाटकामुळंच लोकांना माहीत आहे. 22 सप्टेंबर 1991 ला दुर्गाबाई वारल्या.

हे सगळं मी भाचीला गाडीत सांगत होतो. घाट उतरून केर्लीत चहाला थांबलो तेव्हा ती म्हणाली, “ते ठीक आहे मामू, पण अम्मीला काय सांगणार?”

खरंच होतं. दुर्गा खोटे यांचं नाव घेऊन माझी बहीण ऐकणार नव्हती. “त्यांच्या घरी होतं सगळं, आपलं काय?” असंच म्हणाली असती, आणि ते चूकही नव्हतं. गुलाबबाईंना वाळीत टाकलं हे सांगितलं तर आणखीच घाबरली असती.

रात्री पोरीला सोडायला गेलो. जेवणं झाल्यावर बहिणीनं विषय काढलाच. म्हणाली, “भाईजान, लोकांचं मी बघते. ते बुजुर्ग आमच्या घरी पीठ भरायला येत नाहीत. मला एवढंच सांगा, तालमी किती वाजेपर्यंत असतात? मुलीला परत कोण आणतं? बसवणारा माणूस कसा आहे? बाकी मुली कुठल्या?”

मी तिच्याकडं बघतच राहिलो. आडनावाचा, खानदानाचा एकही प्रश्न नव्हता. कामाची जागा कशी आहे, एवढंच तिला हवं होतं.

मला उत्तरं माहीत नव्हती. भाचीनं दिली. तालीम साडेआठला संपते. बसवणाऱ्या मॅडम आहेत, दोन लेकरांच्या आई. केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये जळाल्यापासून मोठ्या जागेची अडचण आहे, त्यामुळं तालमी कॉलेजच्याच हॉलमध्ये चालतात. बरोबरची एक मुलगी आपल्याच गल्लीच्या टोकाला राहते.

“मग साडेआठला मामू येतील,” बहीण म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

पोस्टर पुढच्या आठवड्यात लागलं. मागं डोंगराची कड, पुढं भाची, कपाळावर आलेले केस आणि ओढणीच्या काठाला लागलेला गुलाल. तो गुलाल मुद्दाम लावलाय का, असं मी विचारलं. म्हणाली, “नाही मामू, पायरीवर बसले होते तेव्हा लागला. धुतला तरी गेला नाही.”